चार किलो दोनशे

३ मार्च, सोमवार

आधी या वहीची क्षमा मागायला हवी. मागची नोंद ऑगस्टमधली आहे आणि तीसुद्धा स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल. त्यानंतर सात महिने एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. वेळ होता, पण जे चाललं होतं ते लिहिलं की फिसकटेल अशी भीती होती. माझ्यासारख्या पदवीधर माणसाला ती शोभत नाही, पण होती.

तर, आमच्या घरी एक आठ वर्षांची मुलगी राहायला आली आहे. दत्तक नव्हे. कायद्याने ती बालकल्याण कार्यालयाच्या ताब्यात आहे आणि आम्ही नवरा-बायको तिचे प्रतिपालक. म्हणजे घरात वाढवायचं, शाळेत पोचवायचं, आजारपणात उशाशी बसायचं ते आम्ही. कागदावर मात्र ती कार्यालयाची. यासाठी सात महिने मुलाखती, दाखले, घराची पाहणी आणि बारा शनिवारचं प्रशिक्षण झालं. आज तिला येऊन दहा दिवस झाले.

पहिल्या दिवशी कार्यालयातल्या ताई तिला घेऊन आल्या. सामान म्हणजे एक निळी बॅग. चेन तुटलेली, वरून सुतळी बांधलेली. ती मीच जिन्याने वर आणली. मुलीने आधी सगळं घर पाहिलं. प्रत्येक दार उघडलं, कुठली कडी कशी लागते ते लावून पाहिलं, खिडकीतून खाली वाकून उंची पाहिली. मी वजनमापांचा निरीक्षक. वीस वर्षं लोकांच्या दुकानांतून असाच हिंडतो आहे. ही, म्हणजे माझी बायको, माझ्या कानाशी म्हणाली, "तुझे वरचे साहेब आले बघ तपासणीला." तेव्हापासून घरात तिचं नाव साहेब. "साहेब उठल्या का?" "साहेबांनी दूध घेतलं का?" साहेबांना हे आवडतं की नाही ते कळत नाही. हसत नाहीत.

त्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला होता. "काका, तुमचे किती तारखेला येतात?"

"कोण गं?"

"असू दे."

मी अजून विचार करतो आहे. आमच्याकडे तसं कोणी येत-जात नाही.

५ मार्च, बुधवार

आज जे पाहिलं ते लिहिताना हात सावकाश चालवतो आहे, अतिशयोक्ती होऊ नये म्हणून.

माझ्या वजनमापे कार्यालयातून बाद झालेल्या पितळी वजनांची एक जुनी पेटी माझ्याकडे आहे. आत मखमल, प्रत्येक वजनाला त्याच्या मापाचा खळगा. चालू पेटीतल्या वजनांना आम्ही उघडा हात लावत नाही, घामानेही फरक पडतो. पण ही बाद झालेली, म्हणून साहेबांसमोर पेटी उघडली. तिने एकेक वजन तळहातावर घेतलं, डोळे मिटले, परत ठेवलं. मग मी गंमत म्हणून माझ्या टेबलाच्या खणातलं दुसरं एक दोनशे ग्रॅमचं वजन तिच्या हातात दिलं. ते एका दुकानातून जप्त केलेलं. खालून पोखरून भोकावर पितळी रंग फासलेला, नऊ ग्रॅम कमी. मला स्वतःला ते काट्यावर ठेवल्याशिवाय कळलं नव्हतं.

तिने डाव्या हातात ते आणि उजव्यात पेटीतलं दोनशेचं धरलं. डावा हात जरा वर गेला. "यातलं कुणीतरी काढून घेतलंय," ती म्हणाली.

मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, "बॅग उचलून."

रोज संध्याकाळी ती आपली बॅग एकदा उचलून ठेवते, हे आम्ही पाहिलं होतं. काही हरवलं तर तिला वजनावरून कळतं म्हणे. "माझी चार किलो दोनशे आहे. एका शाळेतल्या काट्यावर बघितली होती." मी लगेच तानकाटा, म्हणजे आकड्याला ओझं टांगायचा स्प्रिंगचा काटा, आणून बॅग अडकवली. चार किलो दीडशे भरली. मी जरा विजयाने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मोजे धुवायला आहेत ना."

मोजे आणून टाकले. काटा दोनशेवर जाऊन थांबला.

वीस वर्षांत असा हात पाहिला नाही.

९ मार्च, रविवार

साहेबांनी दोन फ्रॉक आणि स्वेटर कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं. खालचा खण अडकतो आणि ओढला की मोठ्याने कुरकुरतो, म्हणून त्याला ती हात लावत नाही. झाडताना बॅग सरकवली तर किलोभर तरी हलकी लागली. हिला सांगितलं. ही दिवसभर गुणगुणत शिवणाची मशीन चालवत होती.

१० मार्च, सोमवार

भत्त्याची पहिली चिठ्ठी आली. प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण मी ते नीट मनावर घेतलं नव्हतं. मुलीच्या जेवणाखाण्याचे, कपड्यांचे ठरावीक पैसे दर महिन्याच्या दहा तारखेला बँकेत जमा होतात. शाळेचा खर्च वेगळा, डॉक्टरचं बिल वेगळं, पलंग-गादीसाठी एकदाच काही रक्कम. चिठ्ठी टपालाने आली ती खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या पेटीत. त्यांनी वर आणून दिली, आणि पाकिटावरचा शिक्का वाचूनच.

"बरं केलंत हो," त्या म्हणाल्या. "आजकाल कुठलं फुकट परवडतं? किती देतात महिन्याला? तुमच्या नव्या पडद्यांचं तरी सुटत असेल."

पडदे हिने उरलेल्या कापडातून शिवले आहेत. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं. तपासणीला गेलो की मी दुकानातलं पाणीसुद्धा पीत नाही, आपली बाटली घेऊन जातो. आणि आता लोक म्हणणार, याने मूल आणलं ते पैशासाठी?

त्याहून वाईट म्हणजे मी स्वतःला विचारलं: तसं थोडंसंही नाही ना? हिने मुलीसाठी शिवणाची निम्मी कामं सोडली आहेत. रक्कम वाचल्यावर मला हायसं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं.

११ मार्च, मंगळवार

कार्यालयाला पत्र लिहिलं. आम्हाला भत्ता नको, तो अधिक गरजू घराला द्यावा, मुलीचा सांभाळ आम्ही आमच्या उत्पन्नातून करू. सही दोघांची लागते.

ही म्हणाली, "ती डावीकडून चावत नाही, पाहिलंस का? दात किडलाय. दाताच्या डॉक्टरचं बिल तुझं तत्त्व भरणार?"

"मी भरेन. रविवारचा चहा-नाश्ता बंद करू बाहेरचा."

"तुला लाच आणि भत्ता यातला फरक कळत नाही? पगार घेतोस ना महिन्याच्या महिन्याला? तेव्हा कुठे जातं तुझं तत्त्व?"

"तो कामाचा आहे."

"आणि हे काय, पत्ते खेळणं आहे?"

मी म्हटलं, प्रेमाचे पैसे मला नकोत. त्यावर तिने हात टेकले. "सही करते," ती म्हणाली. "पण मला पटलेलं नाही, असं त्या तुझ्या वहीत लिहून ठेव."

लिहून ठेवतो: तिला पटलेलं नाही.

१२ मार्च, बुधवार

पत्र कार्यालयात स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली. परत येताना पावलं हलकी पडत होती. रस्त्यावरच्या माणसांकडे मान वर करून पाहावंसं वाटत होतं.

जेवताना साहेबांना सांगितलं. अशा गोष्टी मुलांपासून लपवू नयेत असं माझं मत आहे. म्हटलं, "आम्ही कार्यालयाला कळवलंय. तुझ्यासाठी आम्हाला त्यांचे पैसे नकोत."

तिने घास गिळला, पाणी प्यायली. "बरं," म्हणाली. मग ताटातलं सगळं संपवलं, न आवडणारा भोपळाही, आणि ताट स्वतः घासून ठेवलं.

मला वाटलं, तिला समजलं. मोठ्या माणसांना समजत नाही ते.

१५ मार्च, शनिवार

या मुलीची शिस्त पाहून थक्क व्हायला होतं. सकाळी उठलो तर पलंगावरची चादर अशी ओढलेली, जणू कुणी झोपलंच नव्हतं. पांघरुणाची घडी, त्यावर उशी, उशीवर हिने दिलेला टॉवेल. न्हाणीघरातला आपला दात घासायचा ब्रशसुद्धा वापरून झाला की खोलीत नेते. मी हिला म्हटलं, आपण चाळिशी ओलांडली तरी आपल्याला हे जमत नाही. ही म्हणाली, "मला नाही आवडत एवढी आवराआवर."

बायकांना नीटनेटकेपणाही खटकू शकतो, हे मला नवीन आहे.

२० मार्च, गुरुवार

या आठवड्यात साहेबांनी ग्रंथालयाचं पुस्तक मुदतीच्या पाच दिवस आधी परत केलं. खालच्या बाईंची छत्री नेऊन दिली. हिने घेतलेला रंगांचा नवा डबा वर्गातल्या कुणाला तरी देऊन आली. विचारलं तर म्हणाली, "तिच्याकडे नव्हता." या वयात देण्याचा एवढा मोठेपणा! मी पत्र लिहिलं त्याचाच हा परिणाम असेल का, असं मनात आलं. असं मनात येणं हा गर्व आहे, हेही लगेच मनात आलं.

संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "काका, शनिवारी की रविवारी?"

रविवारी तिघांनी तळ्यावर जायचं हा बेत मी गुप्त ठेवला होता. हिच्याशी बोलताना तिने ऐकलं असणार, कान फार तिखट आहेत. मी हसू दाबून म्हटलं, "रविवारी. नऊ वाजता निघायचं."

तिने मान हलवली.

"आनंद झाला ना?" मी विचारलं.

तिने टेबलावरची माझी पेन्सिल सरळ करून ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत."

२३ मार्च, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो. स्वतःला सोडायचं नाही.

साडेआठला मी पाव, उकडलेली अंडी आणि फळं पिशवीत भरून बाहेर आलो. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. केस विंचरलेले, बूट घातलेले, पाय जमिनीला टेकत नव्हते. शेजारी बॅग, सुतळी बांधलेली.

"वा! साहेब तयार!" मी म्हणालो. "पण तळ्यावर एवढं मोठं बोचकं कशाला?"

चेष्टेने बॅग उचलली.

माझ्या हाताला आधी कळलं. डोक्याला कळायच्या आत. चार किलो दोनशे. हेच ओझं महिन्यापूर्वी मी जिन्याने वर आणलं होतं, ना एक मोजा कमी, ना एक मोजा जास्त. आम्ही घेऊन दिलेलं काहीही त्यात नव्हतं. मी तिच्या खोलीत गेलो. वरचा खण रिकामा. पलंगावर हिने शिवलेला झगा घडी घालून ठेवला होता.

परत येऊन मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. विचारलं, "तू कुठे निघालीस?"

"ताई सांगतील ना." ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "पैसे बंद झाले की पंधरा दिवसांच्या आत नेतात, काका. आधीच्या काकूंकडे पंधरा दिवस लागले. त्यांच्या आधीच्यांकडे अकरा. तुमचं पहिल्यांदाच आहे, म्हणून तुम्हाला माहीत नसेल."

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या हातातला थर्मास तिने खाली ठेवला.

"आणि काहीजण सांगतच नाहीत," मुलगी म्हणाली. "शाळेतून आलं की बॅग दारात असते. तुम्ही निदान जेवताना सांगितलंत."

मी काय काय बोललो ते आठवत नाही. पैसे नकोत म्हणजे तू हवीस, असं काहीतरी. ते बोलत असतानाच मला त्यातलं पोकळपण ऐकू येत होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मी इथे आहे हे त्यांना कसं कळणार? त्या चिठ्ठीवर माझं नाव असतं आणि खाली घराचा पत्ता असतो. दोन्ही एकत्र दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसतात."

मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ही म्हणाली, "आज तू गप्प बस." आणि मुलीला म्हणाली, "साहेब, याने मूर्खपणा केलाय. मीही सही केली, म्हणजे मीही त्यात आहे. उद्या जाऊन ते पत्र परत घ्यायचं. तुम्ही बरोबर यायचं. याच्यावर सोडलं तर हा आणखी एखादं पत्र लिहून येईल."

मुलीच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिने विचारलं, "परत देतात?"

"बघू ना," ही म्हणाली.

तळ्यावर गेलो. बॅग बरोबर होती. तिने तीच अट घातली. येताना मी विचारलं, मी धरू का? तर म्हणाली, "नको, तुम्हाला सवय नाही."

या मुलीने आधीच्या घरांतून काय पाठ केलं आहे, हे मला पेलत नाही. मी पितळेची वजनं तोलतो. ती माणसं तोलते आहे, कुणाकडे किती दिवस उरले ते, आणि एवढं करून ती आमच्याशी सौम्यपणे वागत होती.

२४ मार्च, सोमवार

रजा टाकली. कार्यालयात तिघेही बाकावर बसलो, मध्ये बॅग. ताईंनी आमची फाइल उघडली तर पत्र सर्वांत वर, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेलं.

"अशी पत्रं वर्षाला एक-दोन येतात," ताई म्हणाल्या. "येतात ती चांगल्या माणसांचीच. डोकं धरायची पाळी येते."

मग त्यांनी नियम सांगितला. भत्ता नाकारला की घर प्रतिपालक योजनेबाहेर जातं. योजनेबाहेरच्या घरात कार्यालयाला मूल ठेवता येत नाही. पत्र येत्या गुरुवारी कार्यालयाच्या समितीपुढे जाणार होतं आणि समितीने तिच्यासाठी दुसरं घर शोधायला सांगितलं असतं.

म्हणजे तिचंच बरोबर होतं. पदवीधर निरीक्षकाला नियम कळला नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला तो तोंडपाठ होता.

मी विचारलं, असा नियम का? ताई म्हणाल्या, "भत्ता देतो म्हणून मी दर महिन्याला तुमच्या घरी येऊन विचारू शकते, हिला दूध मिळतं का, दात दाखवला का. फुकट सांभाळणाऱ्याला कुठल्या तोंडाने विचारू? तुम्ही दुकानदाराचा काटा तपासता, ते काय तो चोर आहे म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "काटा सगळ्यांचाच तपासायचा."

"मग झालं तर."

त्यांनी हिच्याकडे वळून विचारलं, मुलीसाठी कामं कमी केलीत, त्याच्या भरपाईचा अर्ज का नाही केला? हिने माझ्याकडे पाहिलं.

पत्र मागे घेण्याचा अर्ज लिहून दिला. निकाल गुरुवारनंतर. मुलीने बाकावर बसल्या बसल्या अर्ज वाचला आणि पत्त्यातला घर क्रमांक मी चुकवला होता, तो दाखवला.

२८ मार्च, शुक्रवार

समितीचं पत्र आलं. आमचं घर योजनेत कायम. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरं," ती म्हणाली.

बॅग दाराजवळून तिच्या पलंगाखाली गेली. सुतळी तशीच आहे. तिच्या परवानगीशिवाय त्या बॅगेला हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःला घातला आहे. त्यामुळे आत काय आहे ते मला माहीत नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. किडलेला दात दुधाचाच निघाला, काढून टाकला. बिल कार्यालयाकडे पाठवलं. पाठवताना मला काहीही वाटलं नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

१० एप्रिल, गुरुवार

आज ती शाळेतून आल्यावर घरात न येता खालीच टपालपेटीपाशी उभी राहिली. मी कामावरून आलो तेव्हा तिथेच होती. खालच्या बाई तिला म्हणत होत्या, "अगं, वर जाऊन बस, पाय दुखतील." मला पाहून त्यांनी विचारलं, "काय हो, महिन्याचं यायचंय वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "दहा तारीख आहे ना." आणि मीही उभा राहिलो.

टपालवाला सव्वापाचला आला. पाकीट मी तिच्याच हातात दिलं. तिने जिन्यावर बसून फोडलं. वरच्या ओळीत तिचं नाव. ते बोट ठेवून वाचलं. मग खाली पत्ता. मजला वाचला, घर क्रमांक वाचला. रकमेकडे तिने पाहिलंही नाही.

"ही मी ठेवू?"

"तुझीच आहे."

वर येऊन ती खोलीत गेली. थोड्या वेळाने रिकामी बॅग घेऊन माझ्याकडे आली, सुतळी बोटाला गुंडाळलेली. म्हणाली, "काट्याला लावा ना." मी तानकाटा आणला. सहाशे ग्रॅम. तिने काट्याजवळ तोंड नेऊन आकडा पुन्हा वाचला.

"मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "रिकामी कधी बघितली नव्हती."

मी काटा हातात धरून उभा राहिलो. एवढ्या वर्षांत मी हजारो वजनं वाचली असतील. असा आकडा वाचलेला नाही.

मग ती परत खोलीत गेली आणि आतून एक भयंकर कुरकुर ऐकू आली, मग दणका. मग तिचा आवाज, चांगलाच चढलेला:

"काका! हा खालचा खण उघडतच नाही! मी आल्यापासून असाच आहे. कुणी बघत कसं नाही या घरात?"

मी जरा ओशाळलोच. खरं तर हे काम माझं, आणि तक्रार रास्त होती. पण हिने मशीन थांबवली आणि हसायलाच लागली, पदर तोंडाला लावून, थांबेचना. एवढं हसण्यासारखं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. साहेबांनी शेरा मारलाय. लिहून घे."

लिहून घेतो.

उद्या: खालच्या खणाच्या दोन्ही पट्ट्यांना मेणबत्ती घासणे.